रिक्वेस्टचं उत्तर येईपर्यंत स्क्रीनच बंद झालेली असते, तेव्हा काय करायचं?

ऐरोली_लोकल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. ऐरोलीत एका छोट्या कंपनीत फ्लटरवर (मोबाइल अ‍ॅप बनवायचं गूगलचं साधन) काम करते. आमचं अ‍ॅप गृहनिर्माण सोसायट्यांसाठी आहे: मेंटेनन्स भरणे, पावत्या, तक्रारवही, गेटवरची नोंद. घोडबंदर रोडवरच्या आणि इकडे घणसोली-कोपरखैरण्यातल्या सोसायट्या ते वापरतात.

दोन महिन्यांपूर्वी ऑफिसात टेस्ट करताना 'डिस्पोजनंतर सेटस्टेट बोलावलं' ही एरर दिसली, म्हणजे स्क्रीन मोडून टाकल्यावर (डिस्पोज) तिला पुन्हा रंगवायला सांगणं (सेटस्टेट). ग्राहकांच्या फोनवरून येणाऱ्या क्रॅश रिपोर्टमध्ये मात्र 'नल चेक ऑपरेटर' अशी वेगळीच एरर होती, पण ओळ तीच. कारण लवकर कळलं. सभासद 'भरा' दाबतो, रिक्वेस्ट जाते, चाक फिरत राहतं, तो कंटाळून मागे जातो. चार सेकंदांनी उत्तर येतं आणि आमचा कोड नसलेल्या स्क्रीनला सांगतो की स्वतःला पुन्हा रंगव.

सगळे सांगतात तोच उपाय केला. प्रत्येक अवेटनंतर (कोड जिथे उत्तराची वाट बघतो ती जागा) माउंटेड आहे का, म्हणजे स्क्रीन अजून जिवंत आहे का, बघायचं, नसेल तर खालचं काही न करता तिथूनच रिटर्न. एकूण ४१ ठिकाणी घातलं. एरर पूर्ण थांबली.

तक्रारी मात्र थांबल्या नाहीत. "पैसे कापले गेले, अ‍ॅपमध्ये थकबाकी दिसतेच आहे." दोन सभासदांनी तर ते बघून पुन्हा पैसे भरले. त्यातल्या एक आजी आहेत, पेन्शनवर घर चालतं त्यांचं. त्यांच्या मुलाचा फोन मीच घेतला होता आणि तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. माउंटेड तपासणं चुकीचं आहे का? की मी अर्धवट केलंय?

गावदेवी

चुकीचं अजिबात नाही, तेच करायचं असतं. दोन जागा लोक हमखास विसरतात, त्या बघा: कॅच (एरर आली तर चालणारा भाग) आणि फायनली (काहीही झालं तरी शेवटी चालणारा भाग). वरच्या सरळ वाटेवर तपासणी असते आणि खाली फायनलीमध्ये 'लोडिंग बंद' म्हणून उघडं सेटस्टेट पडलेलं असतं. शिवाय एका फंक्शनमध्ये तीन अवेट असतील तर तपासणी तीनदा लागते. पहिल्यानंतर स्क्रीन होती म्हणून तिसऱ्यानंतर असेलच असं नाही.

ऐरोली_लोकल

फायनली बघितलं, तिथेही आहे. एरर एकही येत नाहीये, प्रश्न तक्रारींचा आहे.

पामबीच

मी रिअ‍ॅक्ट नेटिव्हवाला (अ‍ॅप बनवायचं दुसरं साधन). आमच्याकडे 'स्क्रीन आहे का' असं विचारत बसणं वाईट सवय समजतात. रिअ‍ॅक्टच्या लोकांनी २०१५ मध्येच लिहून ठेवलंय की इज-माउंटेड वापरू नका. आणि २०२२ मध्ये रिअ‍ॅक्ट १८ आलं तेव्हा 'अनमाउंट झालेल्या कंपोनंटवर स्टेट बदलताय' ही वॉर्निंगच काढून टाकली (कंपोनंट म्हणजे स्क्रीनचा तुकडा, स्टेट म्हणजे त्याची चालू माहिती). एवढं घाबरायचं कारण नाही.

गावदेवी

@पामबीच, दोन्हीकडचे नियम वेगळे आहेत हो. रिअ‍ॅक्टमध्ये गेलेल्या कंपोनंटवर स्टेट बदललं तर काहीच होत नाही, हाक वाऱ्यावर जाते. फ्लटरमध्ये एक्सेप्शन उडतं. धागाकर्तीला दिसलेल्या दोन एरर म्हणजे एकच प्रकार आहे. डीबग बिल्डमध्ये (आपण टेस्ट करतो ती आवृत्ती) असर्ट, म्हणजे कोडमधल्या खबरदारीच्या तपासण्या, चालू असतात, म्हणून सरळ वाक्यात कळतं. रिलीज बिल्डमधून (ग्राहकांना जाते ती) असर्ट काढलेले असतात. मग सेटस्टेट तसंच पुढे जातं, आपल्या एलिमेंटला (स्क्रीनच्या रचनेतली त्याची जागा) हाक मारतं, आणि तो डिस्पोजनंतर नल, म्हणजे रिकामा, झालेला असतो. म्हणून 'नल चेक'.

कोपरखैरणेकर

ताई, एक सांगा. पैसे भरण्याच्या फंक्शनमध्ये अवेटच्या खाली कोणकोणती कामं आहेत, आणि कोणत्या क्रमाने? मला संशय आहे तिथे.

ऐरोली_लोकल

क्रम असा:
सर्व्हरचं उत्तर येतं. माउंटेड नसेल तर रिटर्न. मग सेटस्टेट करून चाक बंद. मग पावती फोनमधल्या डेटाबेसमध्ये लिहायची. मग थकबाकीची यादी ताजी करायची. मग स्क्रीन बंद करून मागे.

लिहिता लिहिताच लक्षात येतंय माझ्या. अरे देवा.

कोपरखैरणेकर

हो, तेच. आधी सेटस्टेटवर एक्सेप्शन उडत होतं, त्यामुळे खालची पावती लिहिलीच जात नव्हती. आता तुम्ही सभ्यपणे रिटर्न करताय आणि पावती तरीही लिहिली जात नाहीये. बदल एवढाच की आधी रिपोर्टमध्ये बोंब तरी व्हायची, आता तीही होत नाही.

जुनी_खोड

कोपरखैरणेकरांनी नेमकी जागा दाखवली. थोडं सविस्तर लिहितो, कारण हेच दुखणं मी तीनदा वेगवेगळ्या रूपात भोगलंय.

२०११-१२ ला वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात अँड्रॉइडवर होतो. तेव्हा असिंकटास्क (मागे काम चालवायचं अँड्रॉइडचं साधन) हे मोठं सोयीचं वाटायचं. अ‍ॅक्टिव्हिटीच्या (अँड्रॉइडमधली एक स्क्रीन) आत क्लास लिहायचा, मागे काम करायचं, संपलं की पडदा बदलायचा. गिऱ्हाईक फोन आडवा करायचं. फोन आडवा झाला की अँड्रॉइड जुनी अ‍ॅक्टिव्हिटी मोडून नवी उभी करतं. आमचा टास्क मात्र जुनीलाच धरून बसलेला. ती मेमरीतून सुटत नसे, आणि उत्तर आलं की तिच्याच पडद्यावर लिहिलं जाई. नवी अ‍ॅक्टिव्हिटी चाक फिरवत बसलेली. आम्ही जागोजागी 'अ‍ॅक्टिव्हिटी संपतेय का' असं विचारायला लागलो. तुमच्या ४१ जागा वाचून तेच आठवलं. पुढे अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० साली, असिंकटास्क कालबाह्य ठरवलं. त्याआधीच व्ह्यूमॉडेल आलं होतं, आणि त्याने फोन आडवा होण्याची कटकट संपवली, कारण काम अ‍ॅक्टिव्हिटीपेक्षा जास्त जगणाऱ्या वस्तूकडे गेलं.

तुमच्या फंक्शनमध्ये दोन वेगळ्या मालकांची कामं एकत्र बांधली गेली आहेत. चाक बंद करणं हे स्क्रीनचं काम. स्क्रीन नसेल तर ते सोडून द्यायला हरकत नाही. पावती लिहिणं आणि थकबाकी बदलणं हे स्क्रीनचं काम कधीच नव्हतं, ते अ‍ॅपचं काम आहे. कोणी पडद्याकडे बघत असो वा नसो, पैसे गेलेत तर पावती लिहिली गेलीच पाहिजे. ते काम स्क्रीनच्या वर न्या, रिपॉझिटरीत म्हणा किंवा सर्व्हिसमध्ये (स्क्रीनशी न बांधलेला, डेटा सांभाळणारा कोड). स्क्रीन त्याला फक्त 'भर' म्हणेल आणि आपण जिवंत आहोत तोवर ऐकेल. माउंटेडची तपासणी ठेवा, पण तिच्याखाली फक्त रंगकाम उरू द्या.

खजिनदार_काका

मी संगणकातला नाही, मुलीने हा धागा वाचायला दिला. वसंत विहारकडे एका सोसायटीचा खजिनदार आहे. दोनदा पैसे आले की आमच्याकडे काय होतं ते सांगतो. जादा रक्कम परत करायची तर कमिटीपुढे विषय न्यावा लागतो, सह्या लागतात, म्हणून आम्ही बहुतेक वेळा पुढच्या बिलात जमा धरतो. म्हणजे त्या आजींचे पैसे तीन महिने सोसायटीत पडून राहतात. तुम्ही मुलं याचा इतका विचार करता हे वाचून बरं वाटलं. एक विचारतो, पावती जर बँकेकडून होते, तर फोनमध्ये लिहायचीच कशाला?

कोपरखैरणेकर

काका, लाखमोलाचं विचारलंत. खरी नोंद सर्व्हरवरच असायला हवी. फोनमधली प्रत फक्त नेटवर्क नसताना दाखवण्यापुरती.

आणि हे नुसतं अ‍ॅपमध्ये सुटणारं नाही. दुहेरी भरणा सर्व्हरनेच अडवला पाहिजे. 'भरा' दाबताना अ‍ॅपने एक एकमेव क्रमांक बनवायचा आणि रिक्वेस्टबरोबर पाठवायचा. तोच भरणा पुन्हा पाठवायची वेळ आली तर क्रमांक तोच. सर्व्हरला तो आधी दिसलेला असेल तर तो नवीन व्यवहार करत नाही, जुनंच उत्तर परत देतो. हा क्रमांक रिक्वेस्ट पाठवण्याआधी फोनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर अ‍ॅप बंद पडून उघडलं की नवा बनेल आणि उपयोग शून्य.

खाडीपलीकडे

स्क्रीन बंद झाली की रिक्वेस्टच रद्द करून टाकली तर? डिओमध्ये (रिक्वेस्ट पाठवायची लायब्ररी) कॅन्सल टोकन आहे. डिस्पोजमध्ये रद्द केलं की झालं.

जुनी_खोड

यादी आणायची रिक्वेस्ट असेल तर जरूर रद्द करा, डेटाही वाचतो. पैसे भरण्याची मात्र कधीही नको. रद्द केल्याने फक्त आपण ऐकायचं थांबतो. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोहोचली असेल तर तिकडे काम होऊन गेलेलं असू शकतं. पोस्टाच्या पेटीत पत्र टाकल्यावर घराचं दार लावून घेतलं म्हणून पत्र परत येत नाही.

आणि डार्टचं (फ्लटरची भाषा) फ्युचर, म्हणजे पुढे येणाऱ्या उत्तराची वस्तू, मुळात रद्द होत नाही हे ध्यानात ठेवा. असिंक पॅकेजमधलं कॅन्सलेबल ऑपरेशनसुद्धा निकाल टाकून देतं, मागचं काम चालूच असतं.

खाडीपलीकडे

पत्राचं पटलं. घरी लेकीला 'एपीआय म्हणजे काय' सांगायलाही हेच वापरीन.

टेस्टर_नंदिनी

हा दोष टेस्टिंगमध्ये का सापडला नाही, हा माझा प्रश्न. ऑफिसचं वायफाय इतकं वेगवान असतं की मागे जायच्या आत उत्तर येतं. मी एक पद्धत लावून घेतलीय: बिल्ड आला की लिफ्टमध्ये. महापेच्या आमच्या इमारतीत लिफ्टचं दार मिटलं की नेटवर्क जातं. दार मिटताना बटण दाबायचं, मागे जायचं, सहाव्या मजल्यावर दार उघडलं की बघायचं काय झालं. वॉचमन काकांना वाटतं मी उगाच वरखाली करते.

पण लिफ्टवर भरवसा ठेवून चालत नाही, दरवेळी तेच घडेल असं नसतं. रिपॉझिटरीत तात्पुरता पाच सेकंदांचा उशीर घाला, मग कोणालाही हाताने तपासता येईल. आणि विजेट टेस्ट (पडद्याचा तुकडा कोडने तपासणारी टेस्ट) लिहा. खोट्या सर्व्हरला कम्प्लीटर द्या, म्हणजे उत्तर कधी द्यायचं ते तुमच्या हातात. बटण दाबा, पडदा काढून त्या जागी रिकामं विजेट ठेवा, मग कम्प्लीटर पूर्ण करा. शेवटी दोन गोष्टी बघा: एक्सेप्शन आलं नाही ना, आणि पावती लिहिली गेली ना. बहुतेक जण पहिलीच बघतात. या धाग्यातला दोष दुसरी बघितल्याशिवाय सापडला नसता.

गावदेवी

पटलं. मी वर 'तेच करायचं असतं' म्हणालो होतो, ते अपुरं होतं. आमच्या कोडमध्येही आज शोधलं, दोन ठिकाणी रिटर्नच्या खाली डेटाबेसचं काम सापडलं.

वाशीवाला_हापूस

जरा शेजारचा विषय, पण नातं आहे म्हणून इथेच लिहितो. स्क्रीन जिवंत आहे, माउंटेड खरं आहे, तरीही चुकीचं दिसतं असं झालंय का कोणाचं? माल पोहोचवणाऱ्या टेम्पोंचं अ‍ॅप आहे आमचं. ठिकाण शोधायच्या खिडकीत ड्रायव्हर 'वाशी' लिहितो, रिक्वेस्ट जाते. मग 'वाशिंद' पूर्ण करतो, दुसरी जाते. दुसरीचं उत्तर आधी येतं, यादीत वाशिंद. मग पहिलीचं उशिरा येतं आणि यादी पुन्हा वाशी. एकदा बोट तिथेच पडलं आणि शहापूरकडचा माल एपीएमसीच्या दारात उभा. हापूसच्या दिवसांत एक खेप वाया जाणं म्हणजे काय ते ज्याचं नुकसान होतं त्यालाच कळतं.

कोपरखैरणेकर

झालंय. प्रत्येक शोधाला चढता नंबर द्या आणि उत्तर आलं की बघा, हा शेवटचा नंबर आहे का. नसेल तर टाकून द्या. शिवाय प्रत्येक अक्षराला रिक्वेस्ट नको, बोट थांबल्यावर थोडं थांबून पाठवा. पण थांबण्याने प्रकार कमी होतो, बंद होत नाही, नंबर हवाच.

धागाकर्तीलाही हे लागू आहे. एकाच सभासदाचे दोन फ्लॅट असतात. ३०२ ची थकबाकी मागवली, तेवढ्यात वरून ७०४ निवडला. फ्लटर बऱ्याचदा तीच स्टेट ठेवतं, फक्त डिड-अपडेट-विजेट बोलावतं. माउंटेड खरंच राहतं आणि ७०४ च्या पडद्यावर ३०२ चा आकडा बसतो.

ऐरोली_लोकल

बापरे, आमच्याकडे दोन फ्लॅटवाले बरेच आहेत. लिहून घेतलं.

पामबीच

मी वर घाईत लिहिलं होतं. इज-माउंटेड वाईट म्हणण्यामागे त्यांचा मुद्दाही हाच होता की तपासण्यापेक्षा मागचं काम, सबस्क्रिप्शन, आवरा. आम्ही इफेक्टच्या आवराआवरीत (कंपोनंट जाताना चालणारा कोड) अ‍ॅबॉर्ट कंट्रोलरने वाचनाच्या रिक्वेस्ट तोडतो. शोधाचा गोंधळ त्यातच सुटतो, नवा शोध सुरू झाला की जुना तुटतो.

माळशेज

अजून एक खड्डा. कॉन्टेक्स्ट (स्क्रीनच्या रचनेतली जागा सांगणारी वस्तू) अवेटच्या पलीकडे नेऊ नका असा लिंट (कोडमधल्या संभाव्य चुका दाखवणारं साधन) नियम आहे, तो पिवळी रेघ देतो. ती घालवायला मी नेव्हिगेटर (स्क्रीन बदलणारी वस्तू) अवेटच्या आधीच व्हेरिएबलमध्ये घेतला आणि नंतर त्यावर पॉप (वरची स्क्रीन काढणं) केलं. रेघ गेली. मग तक्रार आली की 'अ‍ॅप दोन पावलं मागे जातं'. वापरणारा स्वतः मागे गेलेला असायचा, आणि उत्तर आल्यावर माझा पॉप वरची जी स्क्रीन असेल ती काढून टाकायचा. फ्लटर ३.७ पासून कॉन्टेक्स्टलाही माउंटेड विचारता येतं, तेच विचारून मग पॉप करा.

आणि हा लिंट सेटस्टेटबद्दल काही बोलत नाही, फक्त कॉन्टेक्स्टबद्दल बोलतो. रेघ नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी सहा महिने समजत होतो.

नवखा_कळवा

मला एक विचारायचंय. आमच्या स्क्रीनवर टॅब आहेत. मी मागे जात नाही, फक्त टॅब बदलतो, तरी हीच एरर येते. स्क्रीन तर तिथेच आहे ना?

माळशेज

टॅबबार व्ह्यू नजरेआड गेलेला टॅब डिस्पोज करतो, कीप-अलाइव्ह लावलं नसेल तर. लिस्टव्ह्यूमधल्या ओळींचंही तसंच, वर सरकवली की गेली. 'स्क्रीन' ऐवजी 'स्टेट' म्हणा, म्हणजे कोडं सुटेल.

नवखा_कळवा

सुटलं, आभार! आणि ओटीपीचा साठ सेकंदांचा टायमर? तोही?

गावदेवी

तोही. डिस्पोजमध्ये टायमर रद्द, स्ट्रीमची (बदल कळवत राहणारा प्रवाह) सबस्क्रिप्शन रद्द, कंट्रोलर डिस्पोज. यांना माउंटेड विचारत बसू नये, मुळातूनच बंद करावं. दर सेकंदाला माउंटेड तपासून काही न करणारा टायमर कोणालाच नकोय.

ऐरोली_लोकल

दहा दिवसांनी परत आले. काय केलं ते सांगते, कारण पहिल्याच प्रयत्नात चुकले.

भरण्याचं काम क्युबिटमध्ये (स्टेट सांभाळणारी वेगळी वस्तू) हलवलं आणि वाटलं झालं. टेस्ट लावली तर नवीन एरर, 'क्लोज झाल्यावर एमिट करता येत नाही'. क्युबिट मी त्याच स्क्रीनच्या प्रोव्हायडरमध्ये बनवला होता, त्यामुळे स्क्रीनबरोबर तोही गेला. घर बदललं पण भाडेकरार तोच! आता भरणा-सेवा अ‍ॅपच्या मुळाशी आहे. ती क्रमांक लिहून ठेवते, रिक्वेस्ट पाठवते, पावती लिहिते, थकबाकी बदलते. स्क्रीन तिच्या स्ट्रीमवर ऐकते आणि डिस्पोजमध्ये ऐकणं सोडते. सभासद मागे गेला असेल तर मुखपृष्ठावर पट्टी दिसते, 'भरणा पूर्ण, पावती बघा'. ४१ पैकी २८ तपासण्या लागल्याच नाहीत म्हणून काढल्या.

सर्व्हरवाल्या सहकाऱ्याने क्रमांकाची तपासणी दोन दिवसांत बसवली. नंदिनीताईंची टेस्ट जशीच्या तशी घेतली.

जुनी_खोड

उत्तम. अजून एक दार उघडं आहे. सभासद यूपीआय अ‍ॅपमध्ये जातो तेव्हा तुमचं अ‍ॅप मागे पडतं. कमी मेमरीच्या फोनवर अँड्रॉइड त्याची प्रोसेसच मारू शकतं. मग मुळाशी ठेवलेली सेवाही गेली, स्ट्रीमही गेला, माउंटेड विचारणारंही कोणी नाही.

ऐरोली_लोकल

हो, हे परवाच एका जुन्या फोनवर दिसलं. म्हणून आता अ‍ॅप उघडलं की आधी फोनमध्ये अपूर्ण राहिलेले क्रमांक शोधतो आणि सर्व्हरला विचारतो, याचं काय झालं? उत्तर येईपर्यंत त्या बिलावर 'तपासत आहोत' दिसतं आणि 'भरा' बटण बंद राहतं. माझा सगळ्यात जास्त आग्रह या बटणासाठी होता. आमच्या डिझायनरला ते बंद बटण आवडलं नव्हतं, त्याला आजींची गोष्ट सांगितली.

टेस्टर_नंदिनी

आणि सर्व्हरच 'अजून माहीत नाही' म्हणाला तर? बँकेकडून कळायला वेळ लागतो कधी कधी.

ऐरोली_लोकल

मग 'तपासत आहोत' तसंच राहतं, काही वेळाने पुन्हा विचारतो. किती वेळाने बटण उघडायचं ते अजून ठरलं नाही. तोवर खाली सोसायटीच्या ऑफिसचा नंबर दाखवतोय.

खजिनदार_काका

नंबर दाखवताय ते चांगलं केलंत. त्याच्याखाली तो व्यवहाराचा क्रमांकही मोठ्या अक्षरात दाखवा. सभासद फोन करतात तेव्हा 'मंगळवारी भरले' एवढंच सांगतात, आम्ही बँकेचं स्टेटमेंट घेऊन शोधत बसतो.

ऐरोली_लोकल

काका, पुढच्या बिल्डमध्ये टाकते. कॉपी करायच्या बटणासकट.